कोऱ्या कापडाची पट्टी

आमच्या घरात दीड वर्ष एक शेठ राहत होता. अंगानं बोटाएवढा, रंगानं गडद निळा, आणि शेपूट अशी पसरलेली की बघणाऱ्याला वाटावं धोतर नेसून आलाय. जातीचा फायटर मासा. लोणच्याच्या काचेच्या बरणीत राहायचा आणि दिवसभर या काचेपासून त्या काचेपर्यंत फिरायचा. आमच्या मिलचा शेठ असाच खात्यात फिरतो, बोलत कुणाशी नाही, नुसता बघतो. म्हणून माझ्या मुलीनं, पल्लवीनं, त्याचं नाव शेठ ठेवलं होतं.

मी निंबा. गाव धुळ्याकडचं, पण अठ्ठावीस वर्षं सुरतेतच गेली. राहायला भेस्तानला, कामाला पलसाण्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये, धुलाईखात्यात. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला इथे सगळे ग्रे म्हणतात, ते आमच्याकडे पहिल्यांदा येतं. आम्ही धुतल्याशिवाय त्याला रंग लागत नाही. लोक रंग बघतात, छापा बघतात, धुलाईवाल्याला कोण विचारतो? पण मी धुतलेल्या ताग्यावर आजवर एक डाग निघालेला नाही, आणि हे मी चार लोकांत सांगतो. सांगायची सवयच आहे मला. माझं तोंड मोठं आहे आणि आवाजही मोठा आहे, धुलाईच्या ड्रमच्या घरघरीत अठ्ठावीस वर्षं ओरडून बोलल्यावर दुसरं काय होणार.

पल्लवी ती बरणी घेऊन आली तो दिवस मला नीट आठवतो. दोंडाईच्याला तिचं सासर. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात बरणी. पॅसेंजरमध्ये सगळा वेळ बरणी मांडीवर धरून बसली होती. मी विचारलं, जावई मारतो का? म्हणाली, नाही. पितो का? नाही. मग काय करतो? म्हणाली, दुकानावर जाताना बाहेरून कुलूप लावून जातो. रोज. मासा त्यानंच आणून दिला होता, तिला आत करमावं म्हणून.

आता कुलूप हे काय घर सोडून यायचं कारण झालं का, असं मी तेव्हा म्हणालो. एकदा नाही, शंभरदा म्हणालो. गल्लीत सगळे खान्देशातलेच, रोज कुणीतरी विचारायचं, पोरगी किती दिवस आहे? मला ते झोंबायचं. तीन आठवडे मी दम धरला आणि चौथ्या रविवारी तिला गाडीत बसवून स्वतः दोंडाईच्याला पोचवून आलो. ती भांडली नाही. निघताना बरणी मात्र उचलली नाही.

"याले तरी आठे ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. आमच्या अहिराणीत आठे म्हणजे इथे.

चार महिन्यांनी ती तिथूनही निघाली, पण आमच्याकडे आली नाही. नाशिकला गेली. एका कंपनीत पॅकिंगला लागली, दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहू लागली. जी पोरगी बापाच्या घरी येऊन पाहून गेली, ती पुन्हा कशाला येईल? मला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तोंडातून निघेना.

तिचा फोन यायचा तो तिच्या आईला. दर रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास. उषाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोबाइल कानाला लावला की आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, म्हणून ती तो स्पीकरवर टाकते. मी पलंगावर पेपर धरून बसायचो. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा.

आणि मायलेकी बोलायच्या काय, तर शेठबद्दल. शेठ जेवले का? किती दाणे खाल्ले? पाणी कधी बदललं? बरणीला साबण लावलास का गं माय, अजिबात लावू नको, हाताला साबण असला तरी बोट बुडवू नको, साबणानं मासा मरतो. हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की उषा पाणी बदलायच्या दिवशी सकाळपासून साबणाला हात लावत नसे. वीस-वीस मिनिटं हेच चालायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं म्हणतात, तसंच होतं ते. खोलीचं भाडं परवडतं का, रात्रपाळीला भीती वाटते का, जावई कधी फोन करतो का, यातलं काही विचारता यायचं नाही. शेठ होता म्हणून फोन होता. मलाही तेवढंच पुरे होतं. पेपराच्या आडून मुलीचा आवाज ऐकायला मिळायचा.

या चैत्रात एका रविवारी पल्लवी म्हणाली की तिनं मोबाइलवर वाचलंय, फायटरला बरणीत ठेवणं बरं नाही. तो जगतो, पण कोंडून राहतो. त्याला टाकी पाहिजे, फिल्टर पाहिजे. उषा म्हणाली, बघू गं. फोन झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण बोलणं माझ्यापर्यंत पोचलं होतं.

मी त्याच संध्याकाळी उधन्याला गेलो. तिथे एका गल्लीत माशांचं दुकान आहे. दोन फुटी टाकी घेतली, तळाला घालायची खडी घेतली, एक प्लॅस्टिकचं झाड घेतलं. फिल्टर म्हणालो, मोठ्यात मोठा दे. दुकानवाला हिंदीत म्हणाला, काका, फायटरला एवढा नका नेऊ, त्याला थांबलेलं पाणी आवडतं, हा साधा स्पंजवाला न्या. आता हा कालचा माणूस मला पाणी शिकवणार. मी म्हणालो, अरे, अठ्ठावीस वर्षं पाण्यात उभा आहे मी, तू द्यायचं काम कर. त्यानं हात जोडले आणि दिला.

माझ्या डोक्यात एकच होतं. जे करायचं ते दणक्यात करायचं. मुलीला कळू दे की बापानं हात आखडता घेतला नाही.

पुढच्या रविवारी उषानं तिला टाकीचं सांगितलं. कुणी आणली, हेही सांगितलं. मग पल्लवी म्हणाली, "आखाजीले सुटी शे माले. येस मी. शेठले दखाले."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. दिवाळी एकवेळ चुकली तर चालते, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. ज्या घरी लेक येत नाही त्या घरची पितरांसाठी भरलेली घागर लोक वेगळ्या नजरेनं बघतात. मागच्या आखाजीला आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. आणि आता ती स्वतःच्या तोंडानं येते म्हणाली होती. माशाला बघायला का होईना.

मी हिशेब घातला की ती येईल, टाकीपुढे बसेल, मी शेजारी उभा राहीन. बोलायचं काही कामच पडणार नाही. टाकी बघितल्यावर काय ते तिला कळेल. ज्याला क्षमा मागणं म्हणतात ते मला या जन्मी जमलेलं नाही, आणि शेठ असल्यावर ते जमायची गरजही नव्हती. आखाजीला बारा दिवस होते. बारा दिवस एक मासा जगवायचा, एवढंच माझ्याकडे काम होतं.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी टाकी भरली, शेठला बरणीतून तिच्यात सोडलं, फिल्टर सुरू केला आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार अशी सुटली की शेठ टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन काचेवर आदळला. बरणीत ऐटीत फिरणारा गडी, पाचोळ्यासारखा फिरायला लागला. जीव खाऊन पोहायचा, वर यायचा, धार त्याला पुन्हा खाली दाबायची. दाणे टाकले तर दाणे त्याच्या आधी वाहून जायचे. दोन दिवसांनी तो त्या प्लॅस्टिकच्या झाडामागे पानाला टेकून उभा राहायला लागला, पर मिटून. शेपटीची कड विरलेल्या साडीसारखी झाली होती.

उषा टाकीपुढे बसून बघत राहायची. एकदा माझ्याकडे न बघता बोलली.

"जीव लावाले जातस तुम्ही, आन् जोर जास्ती व्हई जास."

मी तिच्यावर ओरडलो नाही, यावरून समजा.

मग मी त्या धारेच्या मागे लागलो. फिल्टरला जोर कमी करायचं एक बटण होतं, ते शेवटपर्यंत फिरवलं, फरक पडला नाही. त्याचं तोंड काचेकडे वळवलं, तर पाणी काचेवर आपटून दुप्पट जोरानं उलटं यायला लागलं. पाण्याची रिकामी बाटली कापून तोंडावर बसवली. ती दोन तास बसली आणि मग सुटून टाकीभर फिरली, शेठ तिच्यापुढे पळतोय. मिलमध्ये लोटूला विचारलं. लोटू माझ्या जोडीचा, ड्रमवरच असतो, बारा गावचं पाणी प्यालेला. तो म्हणाला, बंद ठेव ना मग. बंद ठेवून पाहिला. पण पल्लवीनं सांगितलं होतं की फिल्टर चालूच पाहिजे, नाहीतर टाकीचं पाणी नासतं. उषा तासाभरात बटण पुन्हा दाबायची. मुलीनं सांगितलेलं तिच्या घरी वेदवाक्य.

कुणी म्हणेल, बरणीत परत का नाही टाकला? बरणीत उषानं कैरीचं लोणचं घालून टाकलं होतं, पल्लवी येणार म्हणून. आणि दुसरी बरणी मिळाली नसती असंही नाही. पण ती टाकी बघायला येणार होती. टाकी रिकामी आणि शेठ बरणीत, हे मी तिला दाखवू? आणि दुकानात जाऊन तो साधा स्पंजवाला फिल्टर मागायचा, तर ज्याला शहाणपणा शिकवून आलो होतो त्याच्यापुढे मान खाली घालावी लागली असती. गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा गेलो होतो. तिथूनच परत आलो. आज वाटतं की ती पंचवीस पावलं चाललो असतो तर बरं झालं असतं.

आखाजीला सहा दिवस उरले, शनिवार होता. मी म्हणालो, तोंडावर कापड बांधू. पाणी कापडातून झिरपेल, जोर मरेल. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती, कापडातला माणूस मी. उषानं जुन्या लुगड्याची चिंधी काढली आणि हातातच धरून राहिली. म्हणाली, याला जन्मभर साबण लागलेला आहे. घरातलं कुठलंही कापड घ्या, त्याला साबण लागलेलाच आहे. कितीही खंगाळलं तरी साबण राहतो, पल्लवी सांगत होती.

मग तिलाच आठवलं. आमच्या घरी आखाजीची घागर कोऱ्या कापडावर ठेवतात. पाणी न लागलेलं, कुणी न वापरलेलं कापड, पितरांचं काम म्हणून. दरवर्षी मी मिलमधून ग्रेचा एक तुकडा मागून आणतो. यंदाचाही आणून देवाच्या फळीवर ठेवला होता. त्याला साबण कधी शिवलेलाच नव्हता. त्याच्याहून शुद्ध कापड आमच्या घरात दुसरं नव्हतं.

देवाचं कापड फाडायला उषा एरवी तयार झाली नसती. त्या दिवशी तिनं स्वतः दातानं कड तोडली आणि वीतभर पट्टी फाडून दिली. मी ती चौपदरी करून फिल्टरच्या तोंडावर दोऱ्यानं बांधली, आमच्याकडे ताग्याला मारतात तशी गाठ मारून.

आणि जोर मेला. धार गेली, पाणी नुसतं पाझरायला लागलं. थोड्या वेळानं शेठ झाडामागून बाहेर आला. आधी थोडा, मग पूर्ण. पर उघडले. या काचेपासून त्या काचेपर्यंत एक फेरी मारली, मग दुसरी. उषानं दाणा टाकला, तो त्यानं वर येऊन खाल्ला. माझी बायको रडली आणि मी तिला रडताना बघून गॅलरीत निघून गेलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

रविवारी सकाळी टाकीच्या कोपऱ्यात, पाण्यावर, फेस दिसला. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा. उषानं मला ओढत नेऊन दाखवला. पल्लवीनं सांगितलेलं होतं की फायटर सुखात असला की तोंडानं बुडबुडे सोडून पाण्यावर घर बांधतो. बरणीत त्यानं एकदाच बांधलं होतं, रुपयाएवढं. हे तर तळहाताएवढं होतं. दुपारपर्यंत दोन तळहातांएवढं झालं.

बाराला फोन आला. उषानं इकडचं तिकडचं काही न विचारता सांगून टाकलं, शेठनं घर बांधलं. केवढं? केवढं म्हणजे कोपरा भरला गं. आणि मग पल्लवी हसली. खदखदून हसली, लहानपणी हसायची तशी. म्हणाली, शेठ मोठा बंगला बांधतोय, सुरतेची हवा लागली. दीड वर्षात मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, गुरुवारच्या एसटीचं तिकीट काढलंय, शुक्रवारी आखाजी, चार दिवस राहीन. बुधवारी फोन करून गाडीची वेळ सांगते. उषा म्हणाली, आबाही घरीच आहेत, म्हणजे मी. पल्लवी म्हणाली, बरं. पण त्या 'बरं'मध्ये काही वाईट नव्हतं, मी दहा वेळा आठवून पाहिलंय.

त्या दिवशी मी पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर धुवून उन्हात ठेवलं. उषा म्हणाली, हे तुमचं काम आहे का? मी म्हणालो, धुणं माझंच काम आहे.

सोमवारी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा शेठ फेसाखाली, पाण्याला तोंड लावून होता. तोंड उघडत होता, मिटत होता. आम्हाला वाटलं बांधकाम चालू आहे. उषा म्हणाली, दमला असेल, थोडं राहू द्या त्याला. संध्याकाळी परत आलो तर ती टाकीपुढे जमिनीवर बसली होती. दिवा लावलेला नव्हता. शेठ तळाच्या खडीवर आडवा पडला होता आणि वर फेस तसाच होता, जसाच्या तसा.

मी दुकानवाल्याला शिव्या दिल्या. टाकीला दिल्या, फिल्टरला दिल्या, भेस्तानच्या पाण्याला दिल्या. मासाच आजारी दिला असेल, म्हणालो, मग आठवलं की मासा जावयानं दिला होता, तर जावयालाही दिल्या. उषानं शेठला वाटीत काढून घेतलं आणि खाली तुळशीच्या कुंडीत पुरलं.

मंगळवारी पहिल्या पाळीला लोटूनं ड्रममध्ये ग्रेचे तागे सोडले. मी सोड्याचं माप टाकलं, वाफ उघडली, झाकणाच्या काचेतून आत पाहिलं. कापड फिरायला लागलं आणि फेस वर आला. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा. लूमचं तेल, सुतावरची खळ, धाग्याला घसरण यावी म्हणून मारलेलं ते औषध, सगळं कोऱ्या कापडातून सुटतं तेव्हा असाच फेस येतो. अठ्ठावीस वर्षं मी तो रोज बघतोय. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मीच त्याला सांगतो, हा फेस जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं, याचा एक थेंब डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. तोच फेस माझ्या घरात काचेच्या टाकीत आला आणि आम्ही त्याला बंगला म्हणालो.

लोटू ओरडत होता, वाफ जास्त झाली, वाफ बंद कर. मला ऐकू येत होतं पण हात उचलेना. शेवटी त्यानंच धावत येऊन चाक फिरवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी. साबणाच्या भीतीनं आम्ही त्याला विष बांधलं, आणि ते विष ओळखणारा सगळ्या गल्लीत मी एकटाच होतो.

उषाला मी हे सांगितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. सांगायची तयारी करत होतो असं म्हणतो, पण खरं तर नवा निळा फायटर आणावा का, असा विचार करत होतो.

बुधवारी मी कामावर गेलो नाही. बाराला फोन वाजला. उषानं तो उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाली, माझ्यानं होणार नाही. तिचा हात तसाच पुढे राहिला. मी घेतला.

"माय?" पल्लवी म्हणाली.

"मी शे," मी म्हणालो.

दीड वर्षानंतर आम्ही बापलेक बोलत होतो आणि मला आवाज कमी करता येईना. जे सांगायचं ते ओरडल्यासारखंच बाहेर आलं.

"शेठ मरी गया."

"कवय?"

"सोमवारी."

मागे कुठेतरी मशिनचा आवाज होता, कंपनीतूनच बोलत असणार. मग तिनं विचारलं, कसा? मी सांगितलं. जोर कमी व्हावा म्हणून तोंडाला कोरं कापड बांधलं होतं. घागरीचं. साबण नको लागायला म्हणून. फेस त्याचा होता. हे सांगताना उषा माझ्याकडे बघायला लागली. तिलाही ते तेव्हाच कळत होतं.

"धोयेल नव्हतं?" पल्लवी म्हणाली.

"नही."

"तुम्ही तं रोज तेच धोतस, आबा."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं, रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. मी म्हणालो, दुसरा आणतो, अगदी तसाच निळा आणतो. ती म्हणाली, नका आणू, राहू द्या.

मग तिनं विचारलं. हळू विचारलं, पण स्पीकरवर होतं, दोघांनी ऐकलं.

"मंग मी येऊ का नको?"

आता बघा. हा प्रश्न तिनं मला विचारला. आईला नाही, मला. बरणी मांडीवर धरून ती दोंडाईच्याहून आली तेव्हाही हाच विचारायला आली असणार, फक्त तेव्हा शब्दांत विचारलं नव्हतं. माझ्या तोंडात शब्द होता. एका अक्षराचा शब्द आहे तो, लहान मूलही बोलतं. पण मी विचार केला की शेठ माझ्याच हातानं मेला, आता कुठल्या तोंडानं बोलावू? तिला वाटेल बापाला मासा मारून वर लाड सुचताहेत. यायचं असेल तर येईल, जबरदस्ती नको, एकदा जबरदस्ती करून पाहिली. असे सगळे शहाणपणाचे विचार एका क्षणात आले. यातल्या एकाचाही काही उपयोग नव्हता.

"तुनी मर्जी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'बद्दल मला काही आठवून पाहावं लागत नाही. फोन बंद झाला.

उषा उठली. चुलीकडे जाऊन तिनं भिजवलेली डाळ पाहिली, पाणी ओतून दिलं, डाळीवर झाकण ठेवलं. मग तिथूनच, पाठमोरी, म्हणाली.

"'ये' इतलंच म्हनानं व्हतं."

गुरुवारी नाशिकची गाडी यायच्या वेळेला मी सेंट्रल डेपोला गेलो होतो. हे उषाला माहीत नाही. सगळी माणसं उतरली, मग कंडक्टर उतरला. मी त्याला विचारलं, आत कुणी राहिलंय का? तो म्हणाला, कोण राहणार?

आखाजीच्या दिवशी घागर उघड्या पाटावर ठेवली. कोऱ्या कापडाचं नाव उषानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. खापर कोरडंच राहिलं. शेजारच्या घरी दोन लेकी आल्या होत्या, त्यांची गाणी दुपारभर भिंतीतून येत होती.

रविवारी फोन आला. जेवलीस का, पल्लवीनं विचारलं. जेवले, तू? जेवले. ऊन फार आहे का? आहे. मग दोघी थांबल्या. मला ऐकू येत होतं की दोघी काहीतरी शोधताहेत. त्यांना सापडलं नाही. बरं ठेवते, म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी एक मिनिटसुद्धा झालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी पेपर घेऊन दोन वाजेपर्यंत बसलो, उषा मोबाइल मांडीवर घेऊन बसली. आता आम्ही तसे बसत नाही.

टाकी मात्र उषा काढू देत नाही. फिल्टरही बंद करू देत नाही, पल्लवीनं चालू ठेवायला सांगितलंय म्हणते. मी ती पट्टी सोडून मिलमध्ये नेली आणि ड्रममध्ये टाकून सोड्यानं तीनदा धुतली, फेस पूर्ण जाईपर्यंत, मग साध्या गरम पाण्यानं दोनदा. लोटूनं विचारलं नाही कशाला. घरी आणून पुन्हा तोंडावर बांधली, तीच गाठ मारून. आता पाणी असं येतं की हात बुडवला तरी वाहतंय की थांबलंय ते कळत नाही. फायटरला पाहिजे असतं अगदी तेवढंच.